खालची ओळ

ग्रिम्स्बीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
चाळीस खुर्च्या, एकोणीस माणसं,
पडद्यावर मी.
निळे हातमोजे, केसांवर जाळी,
पुढ्यातल्या पट्ट्यावरून हॅडॉक येताहेत
एकामागून एक, डोळे उघडे.

फिल्म माझ्या मुलीची. अकरा मिनिटांची.
ती नारळीपौर्णिमेची, म्हणून पौर्णिमा.
त्या दिवशी हर्णैला होड्या सजल्या होत्या
आणि सुईणीला किनाऱ्यावरून ओढून आणावं लागलं होतं.
पडद्यावर नाव आलं, पॉली.

पहिल्याच मिनिटाला मी खिडकीत उभी.
मागे बासरी. कोण वाजवतंय कोण जाणे.
पुढच्या रांगेतल्या बाईने चष्मा काढून पुसला.
मला तो दिवस चांगला आठवतो, मंगळवार होता,
कचऱ्याची गाडी आली नव्हती
आणि निळा डबा आत घेऊ की राहू देऊ
एवढंच बघत होते मी.

मग मी बोलू लागले. इंग्रजी.
सोळा वर्षांत जमवलेलं,
अर्धं डॅनूटाकडून, अर्धं बसथांब्यावर,
मशीनच्या आवाजावर ओरडून ओरडून पक्कं केलेलं.
आणि माझ्या हनुवटीखाली अक्षरं उमटली
पांढरी, धुतलेली.
इंग्रजीखाली इंग्रजी.
मी म्हणत होते, थंडी हाडात बिऱ्हाड करते.
खाली आलं, इथलं हवामान कठीण आहे.

शेजारी डॅनूटा. तिच्याखालीही ओळ.
तिने कोपराने ढोसलं,
बघ, आपल्याला इस्त्री करून घातलंय.
इतक्या हसलो की मागून कुणी शूऽ केलं.

मग कीथ. आमचा सुपरवायझर.
तोंडात गरम बटाटा धरून बोलतो.
पहिली दोन वर्षं तो सुट्टी घ्या म्हणाला
की मी बर्फ आणायला धावायची.
कीथच्या खाली काही नाही.
नुसता त्याचा शर्ट.

लिलावाचं सगळं कापलं होतं तिने.
आठ वर्षांची मी, पाटीवर बसलेली,
रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारे मामा,
घोळ कापताना येणारा तो एक आवाज,
काहीच नाही.
ठेवलं होतं एवढंच की मला समुद्राची आठवण येते.
अगं, समुद्र इथे आहे की, दहा मिनिटांवर.
मातकट आहे, पण आहे.

शेवटी स्वयंपाकघर.
कॅमेरा बंद झाला असं समजून मी डबे पुसतेय,
आणि मान न वळवता विचारते,
जेवलीस का गं?

ओळ नाही.

कॅमेऱ्यामागून आवाज, हो, मी जेवला.
तिथेही ओळ नाही.
एकोणीस माणसं त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिली,
काहीतरी येईल म्हणून.
दिवे लागले.

एका गृहस्थांनी विचारलं, तुम्हाला घर कुठे वाटतं?
मी म्हटलं, नन्सथॉर्प, चौदा नंबर.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मी तर पत्ता सांगितला होता.

थांब्यावर वारा. मी विचारलं,
कीथच्या खाली का नाही लिहिलंस?
तो कळतो, आई.
कुणाला?
ती टोपीच्या नाड्या ओढत राहिली,
एक लांब, एक आखूड, पुन्हा उलट.

बस आली. टू फॉर नन्सथॉर्प, लव्ह.
ड्रायव्हरने मान वर न करता दोन तिकिटं दिली.
पॉलीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर,
मी म्हटलं, जेवला नाही. जेवले.
जेवले, ती म्हणाली. जेवले, जेवले,
काचेवरच्या वाफेत बोट फिरवत,
आणि चिप्सचं दुकान दिसताच
बेल दाबून उठली.